वस्तादाला खुर्ची कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मी कविता लिहिणारा माणूस. कुस्तीवर बोलणार म्हटल्यावर आधी माझ्या घरच्यांनाच हसू आले. माझी अंगकाठी पाहून कुणी मला लंगोटाच्या आसपासही उभे करणार नाही. पण मी श्रीपूरचा आहे. माळशिरस तालुक्यातला हा उसाचा पट्टा. इथे साखर कारखान्याचा भोंगा आणि तालमीतला शड्डू ऐकतच पोरे मोठी होतात. मीही चार महिने तालमीत गेलो होतो. त्या चार महिन्यांत मला डाव एकही आला नाही, शब्द मात्र पुष्कळ मिळाले.

त्यातले दोन शब्द आज घेऊन आलो आहे. तालीम आणि वस्ताद. आमच्या घरात दखनी बोलतात. घरात 'तालीम' म्हटले की त्याचा अर्थ शिक्षण. दाराबाहेर पाऊल टाकून गल्लीत 'तालीम' म्हटले की लाल मातीचा हौदा. शब्द एकच, अरबीतून आलेला. वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद, शिकवणारा. मराठीने हे दोन्ही शब्द घेतले आणि थेट मातीत नेऊन सोडले. मला त्याचे फार कौतुक वाटते. शिकवण ही अंगाला माती लागल्याशिवाय पुरी होत नाही, हे या भाषेने शब्दाच्या अर्थातच बसवून टाकले आहे.

तर बोलायचे आहे ते या वस्तादाबद्दल. त्याला आज आपण प्रशिक्षक म्हणतो, कोच म्हणतो. खेळाचा कारभार ज्या संघटना चालवतात, तिथे या माणसाला बसायला जागा आहे का? त्याचे मत कुणी विचारते का? विचारले तर मोजते का?

सोलापूर जिल्ह्याला हा प्रश्न विचारण्याचा थोडा जास्त हक्क आहे, असे मी समजतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातले बोरामणी गाव घ्या. तिथल्या शेख घराण्यातल्या तिघा भावांनी महाराष्ट्र केसरीची गदा आणली. इस्माईल शेख १९८० मध्ये, आप्पालाल शेख १९९२ मध्ये आणि मुन्नालाल शेख २००२ मध्ये. एका घरात तीन गदा. करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेख २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरी झाला, मोहोळचा सिकंदर शेख २०२३ मध्ये झाला, सोलापूरचाच वेताळ शेळके २०२५ मध्ये कर्जतला झाला. ही नावे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. या मल्लांना पहिल्यांदा मातीत उतरवले कुणी, पडायचे कसे हे आधी शिकवले कुणी, असे त्याच पोरांना विचारा. शंभरात दोघे सांगतील. त्यात पोरांचा दोष नाही. आपण वर्तमानपत्रात फोटो गदेचा छापतो.

नाव राहिले तर राहिले, त्याची वस्तादांना सवय आहे. मला खटकते ते दुसरेच.

२१ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एवढा मोठा देश, गावोगाव आखाडे, आणि मते पडली सत्तेचाळीस. चाळीस एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला. सात मते मिळालेल्या उमेदवार अनिता शेरॉन या स्वतः पहिलवान, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या सुवर्णपदकाच्या मानकरी. त्या निवडणुकीच्या आधी वर्षभर दिल्लीत काय काय झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त मतदारयादीकडे बोट दाखवतो. ते मत कुणाचे असते? राज्य संघटनांच्या प्रतिनिधींचे. राज्य संघटनेत मत कुणाचे? जिल्हा संघटनांचे. जिल्ह्यात कुणाचे, हे शोधायला गेलात तर वाटेत तुम्हाला वकील भेटतील, कारखान्याचे संचालक भेटतील, शिक्षणसंस्थांचे चालक भेटतील, चांगली माणसेही भेटतील. काही नामवंत मल्लही पदाधिकारी झालेले दिसतील. पण ते आपल्या नावलौकिकावर तिथे गेलेले असतात. वस्तादांनी आपल्यातून निवडून पाठवलेला वस्ताद मला तरी कुठे दिसलेला नाही.

आता गंमत पाहा. गावच्या फडात असे नव्हते, आणि आजही नाही.

आमच्या भागात यात्रा असो की उरूस, शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड ठरलेला. दुपारचे ऊन कलले की हलगी वाजायला लागते. आधी बारकी पोरे, नारळावर, रेवडीवर. मग पैशाच्या कुस्त्या, मग इनामाच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी जोड. पैसा यात्रा कमिटीचा असतो. फेटे बांधून पुढाऱ्यांची रांग खुर्च्यांवर बसलेली असते. पण जोड लावायची वेळ आली, की खुर्चीवरचे कुणी बोलत नाही. हौद्याच्या कडेला दोन-चार म्हातारे वस्ताद उभे असतात. दोन पोरांना शेजारी शेजारी उभे करायचे, मानेवरून हात फिरवायचा, दंड दाबून पाहायचा, कान बघायचे, तालीम कुठली, किती वर्षे मेहनत केली विचारायचे. आणि मग एक शब्द, 'लागली.' किंवा मान हलवून, 'नको.'

एका यात्रेत मी स्वतः पाहिले आहे. एका वजनदार माणसाला आपल्या भाच्याची कुस्ती विशिष्ट पोराशीच हवी होती. भाचा अंगाने थोराड, समोरचे पोर नवखे. वस्तादाने दोघांना जवळ घेतले, पाहिले आणि म्हणाला, "साहेब, ही जोड न्हाई लागायची. त्या पोराची मान कच्ची हाय." साहेब म्हणाले, "वस्ताद, लोक थांबलेत." वस्ताद म्हणाला, "लोक घरला जात्याल. पोराला घरला मी न्ह्यायचंय." विषय संपला. साहेबांनी पुढे एक शब्द काढला नाही.

या माणसाला कुणी निवडून दिले नव्हते. त्याचा अधिकार होता तो अंगाची माहिती असण्याचा. कुठले हाड किती भार पेलेल, कुठले पोर दमले आहे आणि कुठले नुसते सोंग करते आहे, हे त्या सगळ्या मैदानात त्यालाच कळत होते. म्हणून निर्णय त्याच्याकडे.

पुढे खेळ मोठा झाला. वजनगट आले, गुण आले, माती विभाग आणि गादी विभाग आले, प्रमाणपत्रे आली. संघटना लागल्याच. संघटना नकोत, जुने तेच बरे, असले मी काही बोलणार नाही. मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली नसती आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली नसती, तर आज आपण कोणत्या गदेबद्दल बोललो असतो? फक्त एवढेच झाले, की फडाच्या कडेला उभा असलेला तो म्हातारा संघटनेच्या घटनेत कुठल्याच कलमात आला नाही. मानाने बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. सभा सुरू होते तेव्हा तो घरी निघालेला असतो.

याचे परिणाम काय होतात ते महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पाहिले. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने राज्य परिषद बरखास्त केली. मग वाद, कोर्टकचेऱ्या, आणि राज्यात कुस्तीच्या दोन चुली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, आणि पुढे मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. चौघेही मेहनतीने गदा घेणारे मल्ल. पण दोन गदा एका वर्षात कशा, हे मी गावातल्या पोरांना समजावून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकत असाल तर कळवा.

पुढाऱ्यांच्या पातळीवर हा अधिकाराचा वाद आहे. तालमीत त्याचे रूप वेगळे असते. पोराचा बाप येतो. दोन एकराचा धनी, म्हैस विकून खुराकाचा खर्च भागवणारा. तो विचारतो, "वस्ताद, पोराला कुठल्या चाचणीला न्यायचं? कुठलं सर्टिफिकेट चालतंय?" कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि तिथे कागद कुणाचा यावर सगळे ठरते. वस्ताद काय सांगणार? त्यालाच कुणी सांगितलेले नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पहिलवानाचे एक वर्ष म्हणजे कारकुनाचे एक वर्ष नव्हे. ते गेले की वजनगट बदलतो, जोम बदलतो, कधी कधी घरचे मनही बदलते आणि पोरगे ट्रॅक्टरवर बसते.

गावात पदवी घेतलेला आणि त्यातून लिहिता हात असलेला म्हणून तालमीची पत्रे माझ्याकडे येतात. बी.ए.चा एवढा उपयोग मला दुसरीकडे कुठे झाला नाही. काही वर्षांपूर्वी एका संघटनेला मी वस्तादांच्या वतीने पत्र लिहिले होते. मागणे साधे होते. निवड चाचणीची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळावी आणि ती बारावीच्या परीक्षेत येऊ नये. पत्राची पोच आली नाही. दुसरे लिहिले, तेही गेले. चाचणी परीक्षेच्या दिवसांतच झाली. आमच्या तालमीतल्या दोघांपैकी एकाने पेपर दिला, एकाने कुस्ती केली. कुणाचे बरोबर, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

वजनाचेच उदाहरण घ्या. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रत्येक वजनगट दोन दिवस चालतो आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. यामागे हेतू चांगला होता. पोरांनी पाणी तोडून, स्वेटर घालून धावून, घाम काढून वजन उतरवू नये. पण पॅरिसला ७ ऑगस्ट २०२४ रोजी काय झाले? विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचलेली, ५० किलो गटात दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाहेर गेली. त्या दिवशी साऱ्या देशाने एकच सवाल केला, तिचे कोच काय करत होते? विचारायला हरकत नाही. पण वजनाचे नियम होतात, बदलतात, तेव्हा असाच मोठ्या आवाजात कुणी विचारते का, की कोचचे म्हणणे काय आहे? आमचे वस्ताद त्या दिवशी टीव्हीसमोर बसून एवढेच म्हणाले, "रात्रभर जागून वजन उतरवणं म्हणजे काय, हे एकदा सभेतल्या माणसाला करायला लावा."

मॅटवरच्या कुस्तीत प्रशिक्षकाच्या हाती अधिकृतपणे एक वस्तू असते. स्पंजचा मऊ ठोकळा. पंचाचा निर्णय पटला नाही तर तो ठोकळा मॅटवर टाकायचा, म्हणजे व्हिडिओ पुन्हा पाहतात. आक्षेप चुकीचा ठरला तर समोरच्याला एक गुण. ही सोय चांगली आहे, रास्त आहे. आक्षेप घेणाऱ्यालाही जबाबदारी आहे. मला वाटते, सहा मिनिटांच्या कुस्तीत ज्याला एवढा विश्वासाने आवाज दिला, त्याला वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत एकदाही का देऊ नये?

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत सिकंदर आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही आमच्याच जिल्ह्याचे. बाहेरली टांग या डावाला चार गुण दिले गेले आणि त्यावरून महिनाभर चौकाचौकात वाद चालला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला तर शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याला आणि अंतिम लढत अर्धवट सोडणाऱ्या महेंद्रला तीन-तीन वर्षांची बंदी झाली. लाथेचे समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. पण ज्या खेळात तक्रार मांडायची विश्वासाची जागा नाही, तिथे राग पायात उतरतो. वस्ताद, पंच आणि संघटक वर्षातून दोनदा एका टेबलाला बसून मागच्या लढतींचे चित्रण पाहत असते, गुण का दिले हे बोलत असते, तर कदाचित वातावरण इतके तापले नसते. कदाचित. खात्री मी देऊ शकत नाही.

खेळणाऱ्या-शिकवणाऱ्यांना बाहेर ठेवून खेळ चालवला तर काय होते, याचा दाखला कुस्तीनेच जगाला दिला आहे. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती ऑलिंपिकच्या मूळ खेळांतून वगळण्याची शिफारस केली. प्राचीन ऑलिंपिकपासूनचा खेळ! समितीच्या अहवालात कुस्तीच्या जागतिक संघटनेबद्दल जी निरीक्षणे होती, त्यात प्रेक्षकसंख्या होती, दूरचित्रवाणी होती, आणि हेही होते की निर्णय घेणाऱ्या मंडळात खेळाडू नाहीत, महिलांचा आयोग नाही, कार्यकारिणीत वैद्यकीय अधिकारी नाही. अध्यक्ष गेले, नियम बदलले, रचना बदलली, आणि सप्टेंबरमध्ये खेळ परत आला. सात महिन्यांत सगळे सुचले. आधी का सुचले नव्हते?

आता थोडे कुस्तीबाहेर जाऊ. टेनिस हा आमच्या मातीपासून लांबचा खेळ वाटतो, पण अलीकडच्या वर्षांत सोलापुरातही महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाल्या आहेत. टेनिसमध्ये प्रशिक्षकाची अवस्था तर मोठी चमत्कारिक होती. डेव्हिस करंडकासारख्या सांघिक स्पर्धेत कर्णधार बाकावर बसून खेळाडूशी बोलू शके. एरवी सामना सुरू झाला की कोचने गप्प बसायचे. हाताची खूणही केली तर दंड खेळाडूला. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला अशी पहिली ताकीद मिळाली आणि पुढे सामन्याचा विचका झाला. तिचे कोच पॅट्रिक मुरातोग्लू यांनी नंतर कबूलच केले, की मी खूण करत होतो आणि सगळेच करतात. सगळेच करतात ती गोष्ट नियमात नाही, म्हणजे नियम करणाऱ्याला मैदान माहीत नाही असाच अर्थ होतो. २०२२ पासून पुरुषांच्या दौऱ्यावर चाचणी म्हणून परवानगी मिळाली आणि २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांतच ती आली.

याच टेनिसमध्ये एक चांगली गोष्ट मात्र झाली आहे. पुरुष व्यावसायिकांची एटीपी ही संघटना आहे, तिच्या खेळाडूंच्या सल्लागार परिषदेत खेळाडूंच्या जोडीला प्रशिक्षकांचा एक प्रतिनिधी बसतो. जागा एकच आहे, परिषद सल्लागार आहे, शेवटचा शब्द मंडळाचा. तरी जागा आहे. कागदावर आहे. तिथे बसणारा माणूस सांगू शकतो, की बाबांनो, या वेळापत्रकात पोरांचे गुडघे राहणार नाहीत.

आपल्याकडे टेनिस प्रशिक्षकाला मान मिळायलाही किती वेळ लागला पाहा. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी भालचंद्र भागवत यांना तो मिळाला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. टेनिसला तो पहिल्यांदा मिळाला २०२० मध्ये, नरेश कुमार यांना जीवनगौरव म्हणून. म्हणजे पस्तीस वर्षांनी. सोळा वर्षांच्या लिअँडर पेसला १९९० मध्ये डेव्हिस करंडकात उतरवणारे हे कर्णधार. आणि ज्यांच्या हाताखालून दोन पिढ्यांचे खेळाडू गेले, ते अख्तर अली २०२१ मध्ये गेले. त्यांना अर्जुन मिळाला होता, द्रोणाचार्य नाही.

पण पुरस्कार हा काही माझा मुद्दा नाही. आपल्या राज्यातही शिवछत्रपती पुरस्कारांत मार्गदर्शकांसाठी पुरस्कार आहेच. पुरस्कार देणाऱ्याच्या मर्जीने मिळतो. मत हक्काने मिळते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी वस्तादांचा वकील ठरेन. प्रशिक्षकाला अधिकार देणे धोक्याचेही असते. २०२१ मध्ये टेबल टेनिसपटू मनिका बत्राने आरोप केला, की राष्ट्रीय प्रशिक्षकाने आपल्या खासगी अकादमीतल्या खेळाडूसाठी तिला सामना सोडायला सांगितले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय संघटना निलंबित करून प्रशासक समिती नेमली. ज्याची स्वतःची तालीम आहे, तोच निवड समितीवर बसला, तर असे होऊ शकते. आपल्याकडे गुरूपुढे बोलायचे नाही ही रीत. रीत चांगली, पण तिच्या आडून पुष्कळ काही लपते. २०२३ मध्ये मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा तक्रारी महासंघाच्या प्रमुखाविरुद्ध होत्या, तशा प्रशिक्षकांविरुद्धही होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आमच्या आसपासच्या गावांतही आता मुली तालमीत येतात. त्यांना शिकवणाऱ्या बाया किती? बोटांवर मोजता येतील. तेव्हा प्रशिक्षकांच्या जागा द्यायच्या तर त्यात बायकांची जागा आधी लिहावी, असे माझे मत आहे. आणि ज्याचा शिष्य चाचणीत उतरला आहे, त्याने त्या दिवशी निवडीच्या खोलीबाहेर बसावे. यात अपमान कसला? फडात वस्ताद आपल्या पोराच्या कुस्तीला पंच होत नाहीच.

दुसरा आक्षेप असा येतो, की प्रशिक्षक कोण हे ठरवायचे कसे? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले सोपे आहेत, त्यांच्याकडे कागद आहे. पण आमच्या वस्तादांकडे कागद नाही, मोडलेले कान आहेत. केवळ पदविकेवर यादी केली, तर निम्मा महाराष्ट्र बाहेर राहील. आणि शाळेतले क्रीडाशिक्षक? आमच्यापासून जवळच वेळापूर आहे. तिथला रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. खो-खोची ही पोरे गावच्या मैदानावर शाळा सुटल्यावर तयार होतात, शिट्टी गळ्यात अडकवलेल्या माणसासमोर. त्या माणसाला संघटनेच्या लेखी काय म्हणायचे? माझे म्हणणे, जिल्ह्याने नोंदवही ठेवावी. कुठे शिकवतो, किती वर्षे शिकवतो, आज किती मुले समोर आहेत, एवढे तीन रकाने पुरेत. तपासायला कुणी संध्याकाळी पाच वाजता जाऊन उभे राहावे. खोटी तालीम पाच वाजता लगेच उघडी पडते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. राष्ट्रीय संघटनेची कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू, शिवाय खेळाडूंची स्वतंत्र समिती. तंट्यांसाठी वेगळा न्यायाधिकरणही आहे. खेळाडूंना जागा मिळाली, हे मोठे काम झाले. क्रिकेटमध्येही लोढा समितीच्या सुधारणांनंतर खेळाडूंच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी, एक पुरुष आणि एक महिला, सर्वोच्च परिषदेत आले आहेत. प्रशिक्षक म्हणून वेगळी जागा मात्र या कायद्यातही ठेवलेली नाही. आचारसंहितेत प्रशिक्षकाचा उल्लेख येतो, म्हणजे त्याने कसे वागावे हे सांगायला तो आठवला. कायद्याने अडवलेलेही नाही, हे खरे. पंधरांपैकी दोन जागा प्रशिक्षकांनी निवडून दिलेल्या असाव्यात, असे एखाद्या संघटनेने आपल्या घटनेत लिहिले, तर तिला कोण हात धरणार? जिल्ह्याच्या पातळीवर तर हे उद्याही करता येईल.

निवडून दिलेल्या, हा शब्द मी मुद्दाम वापरला. अध्यक्षांनी नेमलेला प्रशिक्षक अध्यक्षांच्याच होला हो करणार. त्याचे मानधन त्यांच्या सहीने निघते, तो बिचारा दुसरे काय करील?

राष्ट्रीय संघटनांच्या घटना आता या कायद्याला धरून नव्याने लिहिल्या जातील, मागोमाग राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्याही निघतील. एकदा लिहून झाल्या की वीस-पंचवीस वर्षे कुणी हात लावत नाही. म्हणून आमच्या भागातल्या अकरा वस्तादांनी आणि तिघा क्रीडाशिक्षकांनी एक निवेदन तयार केले आहे. लिहिले अर्थातच मी. त्यात पाच ओळी आहेत. प्रशिक्षकांची नोंदवही करावी. त्यांनी निवडलेले दोघे कार्यकारिणीवर घ्यावेत, त्यात एक बाई असावी. शिष्य उतरला असेल तेव्हा वस्तादाने निवडीतून दूर राहावे. चाचणीची तारीख महिनाभर आधी लेखी कळवावी. आणि दोन संघटनांचा वाद मिटेपर्यंत दोन्हीकडची प्रमाणपत्रे कुठे चालतात, हे कुणीतरी सहीनिशी सांगावे.

शेवटची ओळ लिहिताना एक वस्ताद म्हणाले, "मास्तर, ही वळ वर घ्या. बाकी आमचं बघू, पोरांचं आधी." मी ती पहिली केली. दोघांनी अंगठे उठवले, बाकीच्यांनी सह्या केल्या. लिफाफा रजिस्टरने गेला आहे, पावती माझ्या खिशात आहे.